शाळेत इंग्रजी कर्सिव्ह अजून शिकवावे का?

सहकारनगरची आई (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी पुण्यातील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीत आहे. पहिली-दुसरीला इंग्रजी कर्सिव्ह लेखन, म्हणजे अक्षरे एकमेकांना जोडून लिहिणे, सक्तीचे ठेवावे की ते काढून मुलांना केवळ सुटी अक्षरे लिहू द्यावीत, याविषयी शाळेने पालकांची लेखी मते मागवली आहेत. महिनाअखेरीच्या पालकसभेत त्यावर चर्चा होणार आहे. मत कळवण्यापूर्वी विषय नीट समजून घ्यावा, म्हणून येथे विचारते आहे.

आमच्या घरचा अनुभव आधी सांगते. शिशुवर्गात मुलगी सुटी अक्षरे शिकली. गोष्टींची पुस्तके त्याच अक्षरांत छापलेली असल्यामुळे तिला वाचनही लवकर जमू लागले. पहिलीत जूनमध्येच कर्सिव्हची चाररेघी वही आली आणि तेव्हापासून ती वाचते एका वळणाची अक्षरे आणि लिहिते दुसऱ्या वळणाची. बहुतेक अक्षरे खालच्या मुख्य रेघेवर संपतात आणि तेथूनच पुढच्या अक्षराला जोडली जातात. परंतु बी, ओ, व्ही आणि डब्ल्यू ही अक्षरे वर, मधल्या रेघेपाशी संपतात आणि त्यांच्या पुढे येणाऱ्या आर किंवा ई या अक्षरांची सुरुवातच बदलते. 'ब्रेड' किंवा 'ओव्हन' हे शब्द लिहिताना ती नेमकी तेथेच थांबते, पेन्सिल उचलते, मागे जाते, खोडते आणि पुन्हा लिहिते. गेल्या आठवड्यात एका पानाला पाऊण तास लागला, खोडून खोडून कागद फाटला आणि शेवटी "मला लिहायलाच आवडत नाही" असे ती म्हणाली. पहिलीत जाण्यापूर्वी हीच मुलगी आजीसाठी स्वतःहून चिठ्ठ्या लिहून ठेवत असे, म्हणून ते वाक्य मला फार लागले.

दुसरी बाजूही माझ्याच घरात आहे. मी मराठी माध्यमात शिकले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते आणि आम्ही कर्सिव्हचा कित्ता गिरवतच इंग्रजी लिहायला शिकलो. पण तोवर हाताला देवनागरीचे वळण पडलेले असल्यामुळे ते जड गेल्याचे आठवत नाही. माझे वडील बँकेत नोकरीला होते आणि शाईपेनाने लिहिलेली त्यांची इंग्रजी पत्रे आजही पाहत राहावीत अशी आहेत. ती कला माझ्या मुलीपर्यंत पोहोचू नये, असे मला मुळीच वाटत नाही.

म्हणून विचारते, की कर्सिव्हमुळे लेखनाचा वेग किंवा स्मरणशक्ती वाढते, असे जे शाळेत सांगितले जाते, त्याला खरोखर आधार आहे का? शिकवायचेच असेल तर कोणत्या वयात शिकवावे? आणि या सगळ्यात मराठी अक्षराकडे आठवड्यातून एकच तास लक्ष दिले जाते, ते योग्य आहे का? ज्यांनी मुलांना शिकवले आहे किंवा या विषयाचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ

ताई, मी एकतीस वर्षे प्राथमिक वर्गांना शिकवले, त्यांपैकी शेवटची तेरा वर्षे इंग्रजी माध्यमात. मी कर्सिव्हच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते. मात्र ज्या वयात आणि ज्या पद्धतीने ते आज शिकवले जाते, त्या पद्धतीच्या बाजूची मी नाही.

अक्षराला वळण लागते ते हाताला लागते, वहीला नव्हे. पूर्वी पाटीवर आडव्या, उभ्या आणि तिरप्या रेघा, मग अर्धगोल, मग पूर्ण गोल असा सराव महिना-दीड महिना चालत असे आणि त्यानंतरच अक्षर हाती येई. त्या रेघांमध्ये खांदा, कोपर, मनगट आणि बोटे या क्रमाने हात तयार होत असे. आता शिशुवर्गातील चार वर्षांच्या मुलाच्या हाती थेट पेन्सिल आणि रेघांची वही येते. मूल पेन्सिल मुठीत आवळते, अंगठा तर्जनीवर चढतो, बोटांची पेरे पांढरी पडतात, आणि हीच चुकीची पकड पक्की झाल्यावर आपण त्याच्याकडून न उचलता, न थांबता, तिरके आणि जोडलेले अक्षर मागतो. तुमची मुलगी 'ब्रेड' लिहिताना अडते ती तिच्या बुद्धीमुळे नव्हे, तर तिचा हात अजून त्या हालचालीसाठी तयार झालेला नाही म्हणून.

आता कर्सिव्हचे गुण सांगते, कारण ते मी वर्गात वर्षानुवर्षे पाहिले आहेत. सुट्या अक्षरांत बी आणि डी यांची अदलाबदल करणारी मुले प्रत्येक वर्गात असतात, कारण त्या दोन्ही अक्षरांत एक दांडी आणि एक गोळा असतो आणि गोळा कोणत्या बाजूला हा एवढाच फरक उरतो. कर्सिव्हमध्ये बी वर जाणाऱ्या फाशाने सुरू होतो आणि डी गोलापासून सुरू होतो, म्हणजे हाताची पहिली हालचालच वेगळी असते आणि पुष्कळ मुलांचा गोंधळ तेथे मिटतो. दुसरे असे, की सुटी अक्षरे लिहिणारी लहान मुले शब्दांमध्ये जागा सोडायला विसरतात आणि सगळे वाक्य एक लांबलचक माळ होऊन बसते. कर्सिव्हमध्ये शब्द संपला की हात उचलावाच लागतो, त्यामुळे शब्द हा एक घटक आहे, ही जाणीव हातातून येते.

परंतु हे सगळे तिसरीत शिकवले तरी मिळते. सुटी अक्षरे न अडखळता लिहिता येऊ लागल्यानंतर, रोज पंधरा मिनिटे, वर्गातच, शिक्षकांच्या नजरेसमोर हा सराव व्हावा आणि घरी एक ओळही देऊ नये. कर्सिव्ह पाहून शिकण्याची गोष्ट नाही, हात कसा फिरतो ते दाखवून शिकवण्याची गोष्ट आहे. घरी पान भरायला दिले की मूल चुकीची दिशा पन्नास वेळा गिरवते आणि ती चूक घोटून पक्की होते.

एक गोष्ट आजही मनाला टोचते, ती येथे सांगितली पाहिजे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत वर्गात एक डावखुरा मुलगा होता. डाव्या हाताने लिहिताना हात ओल्या शाईवरून किंवा शिशावरून पुढे सरकतो आणि रेघ ओढण्याऐवजी ढकलावी लागते. उजवीकडे कललेले कर्सिव्ह त्याच्यासाठी दुप्पट कठीण होते. मी त्याला वही तिरकी उजवीकडे कलती ठेवायला आणि अक्षर सरळ उभे काढायला सांगायला हवे होते. त्याऐवजी मी त्याच्या वहीवर "अक्षर सुधारावे" असा शेरा वर्षभर देत राहिले.


बालविकास क्षेत्रात काम करणारा एक थेरपिस्ट, औंध

बाईंनी लिहिलेले हाताच्या तयारीचे मुद्दे मी रोज पाहतो आणि त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. मूळ प्रश्नातील संशोधनाच्या भागाविषयी लिहितो, कारण तेथे दोन निरनिराळे प्रश्न एकत्र केले जातात आणि पालकांची दिशाभूल होते. हाताने लिहिणे विरुद्ध कळफलकावर टंकणे हा एक प्रश्न आहे. कर्सिव्ह विरुद्ध सुटी अक्षरे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही.

पहिल्या प्रश्नावर बरेच काही हाती आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांनी अक्षर स्वतः हाताने काढले, ठिपक्यांवरून गिरवले किंवा कळ दाबून उमटवले, आणि नंतर तीच अक्षरे पाहताना त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. स्वतः काढलेल्या अक्षरांच्या बाबतीत वाचनाशी संबंधित भाग अधिक जागे झालेले दिसले. लक्षात घ्यावे, की ती मुले सुटी, छापील वळणाची अक्षरे काढत होती, आणि नुसते गिरवण्याचा परिणाम स्वतः काढण्याइतका नव्हता. आपल्याकडील ठिपक्यांच्या पुस्तिका भरून घेणाऱ्यांनी या दुसऱ्या निष्कर्षाचा तरी विचार करावा.

नॉर्वेतील ऑड्री व्हान डर मेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२४ चा अभ्यास कर्सिव्हच्या समर्थनार्थ वारंवार सांगितला जातो. त्यात छत्तीस विद्यार्थ्यांच्या मेंदूतील विद्युतलहरी मोजल्या होत्या आणि हाताने लिहिताना मेंदूच्या निरनिराळ्या भागांतील परस्परसंबंध टंकताना दिसतो त्याहून अधिक व्यापक आढळला. विद्यार्थी डिजिटल पेनने कर्सिव्ह लिहीत होते, हे खरे. परंतु तुलना कळफलकाशी होती, सुट्या अक्षरांशी नव्हती, आणि सुट्या अक्षरांतील लेखनाचाही तसाच लाभ होईल, असे त्या संशोधकांनीच म्हटले आहे. वयोगटही विद्यापीठातला होता, पहिलीतला नव्हता.

वेगाविषयी १९९८ मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी चौथी ते नववीच्या विद्यार्थ्यांचे लेखन तपासले होते. निव्वळ कर्सिव्ह आणि निव्वळ सुटी अक्षरे लिहिणाऱ्यांच्या वेगात फारसा फरक आढळला नाही. जी मुले दोन्हींचे मिश्रण करतात, म्हणजे जेथे जोडणे सोपे तेथे जोडतात आणि जेथे अडते तेथे हात उचलतात, ती अधिक वेगाने लिहीत होती. आपण मोठी माणसे स्वतःचे अक्षर निरखून पाहू तर आपण हेच करत असतो. तुमची मुलगी 'बी'नंतर हात उचलते, ते खोडण्याजोगे काहीच नाही.

इतर देशांत काय घडले, तेही थोडक्यात सांगतो. अमेरिकेत २०१० च्या सामाईक शैक्षणिक मानकांत कर्सिव्हचा उल्लेख नव्हता आणि अनेक शाळांतून ते गेले; नंतर एकेका राज्याने ते परत आणले, कॅलिफोर्नियाचा पहिली ते सहावीसाठीचा कायदा जानेवारी २०२४ पासून लागू झाला. फिनलंडने २०१६ पासून जोडलेल्या लेखनाची सक्ती काढली. फ्रान्समध्ये मात्र मुले अगदी लहानपणापासून जोडलेल्या वळणातच लिहितात. एवढे भिन्न मार्ग चालू असताना "कर्सिव्हशिवाय मेंदू घडत नाही" असे ठामपणे म्हणणे मला जबाबदारीचे वाटत नाही.

शेवटी एक विनंती. वर्गात दोन-तीन मुले अशी असतात, की ज्यांना कितीही सराव दिला तरी लेखन वेदनादायकच राहते. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि लेखनातील अक्षमता तिच्यातच येते. अशा मुलाला 'आळशी' ठरवण्यात पहिली तीन वर्षे जातात. सक्तीचे कर्सिव्ह असले की ती आणखी लांबतात, कारण सगळ्यांनाच ते अवघड जात असल्यामुळे खरी अडचण कोणाची, हे ओळखू येत नाही.


मोडी वाचणारा, शनिवार पेठ

मी शिक्षक नाही आणि डॉक्टरही नाही. जुनी कागदपत्रे वाचण्याचे काम करतो. या चर्चेत एक गोष्ट कोणी बोललेले नाही, ती म्हणजे आपल्या मराठीचे स्वतःचे कर्सिव्ह होते आणि ते शाळेतून गेल्यावर काय होते, हे आपण पाहिलेले आहे.

मोडी ही हात न उचलता लिहिण्याची लिपी. परंपरा तिचे श्रेय तेराव्या शतकातील यादवांचे मंत्री हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, यांना देते. कारकून आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेत आणि मग बोरू शाईत बुडवून त्या रेघेखाली अक्षरे एकापाठोपाठ एक सोडत जात. काना देताना अक्षराचे रूपच बदलते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, म्हणजे वेलांटी एकच आणि उकारही एकच, आणि शब्द कोठे संपला ते वाचणाऱ्याने अर्थावरून ओळखायचे असते. यामुळे लिहिण्याचा वेग वाढला आणि वाचण्याचे ओझे वाचणाऱ्यावर आले. इंग्रजी कर्सिव्हचेही मूळ गणित हेच आहे. टाक किंवा पीस वारंवार उचलले की शाईचा ठिपका पडे, म्हणून हात न उचलता लिहिण्याची वळणे रुजली. बॉलपेनला ती अडचण नाही.

देखण्या अक्षराची ओढ मात्र बाळबोधालाही, म्हणजे देवनागरी वळणालाही, तितकीच होती. समर्थांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास पूर्णपणे लेखनक्रियेवरच आहे. अक्षर, ओळींमधील अंतर, शाई, लेखणी आणि कागद यांचा इतका बारकाईने विचार त्यात आहे, की आजच्या शिक्षकानेही तो एकदा वाचावा.

मोडी साधारण १९५० च्या दशकापर्यंत आपल्या शाळांत शिकवली जात असे. छपाई आणि टंकलेखनासाठी बाळबोध सोयीची होती, म्हणून मोडी मागे पडली, आणि ते कारण समजण्यासारखे आहे. परंतु शाळेने लिहिणे थांबवले त्याबरोबर वाचणेही थांबले, याचा विचार त्या वेळी झालेला दिसत नाही. आमच्या घरी पणजोबांच्या दुकानाच्या रोजकीर्दी आणि खतावण्या, म्हणजे हिशेबाच्या वह्या, होत्या. माझे आजोबा त्या सहज वाचत. वडिलांना अक्षरे ओळखू येत, शब्द लागत नसत. मला पहिल्यांदा त्या वह्या हातात घेतल्या तेव्हा त्या केवळ नक्षी वाटल्या. तीन पिढ्यांत घरचेच लेखन परके झाले. पुढे मी पुण्यात मोडीच्या वर्गाला गेलो, दोन वर्षे रोज रात्री तासभर बसलो, आणि पणजोबांनी १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत उधारी माफ केल्याची नोंद वाचली, तेव्हा कितीतरी वेळ वही मिटवता आली नाही.

घराबाहेरही हेच आहे. कौन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात, ज्याला आपण पेशवे दफ्तर म्हणतो, मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी १९१० मध्ये स्थापलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही असा मोठा संग्रह आहे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीमार्फत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी जाणणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील लिप्यांच्या जागतिक मानकात, स्थान मिळाले, ही चांगलीच गोष्ट झाली, पण त्यामुळे जुने हस्ताक्षर वाचणारी माणसे तयार होत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारालाही आता कर्सिव्ह वाचू शकणाऱ्या स्वयंसेवकांना आवाहन करावे लागते. तेथे कर्सिव्ह मागे पडून जेमतेम एक पिढी झाली आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की लिहिणे आणि वाचणे यांचा निर्णय शाळेने वेगवेगळा करावा. मुलांनी कर्सिव्ह लिहावे की नाही, हे बाईंसारख्या अनुभवी माणसांनी ठरवावे. पण ते वाचता आलेच पाहिजे. वाचायला शिकवण्यास वर्ष लागत नाही. चौथी-पाचवीत दहा-बारा तास पुरतात. आजोबांची पत्रे, जुनी प्रमाणपत्रे, हाताने लिहिलेली खरेदीखते मुलांसमोर ठेवावीत आणि त्यांना ती उलगडू द्यावीत.


कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षक, चिंचवड

मी वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासतो आहे. अमुक उत्तर कर्सिव्हमध्ये आहे म्हणून जास्त गुण आणि सुट्या अक्षरांत आहे म्हणून कमी, असे होत नाही. वाचता येते की नाही, एवढेच पाहिले जाते. आणि घाईत आधी मोडते ते कर्सिव्हच, असा माझा अनुभव आहे. एम, एन, यू, व्ही, डब्ल्यू आणि आय ही अक्षरे शेजारी आली आणि लिहिणारा घाईत असला, की उरते ती सारख्याच उभ्या रेघांची रांग. 'मिनिमम' हा शब्द मी शेकडो उत्तरपत्रिकांत केवळ संदर्भावरून वाचलेला आहे. डॉक्टरांनी औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या (कॅपिटल) सुट्या अक्षरांत लिहावीत, असे भारतीय वैद्यक परिषदेला २०१६ मध्ये नियमातच घालावे लागले, यावरून जेथे चूक जिवावर बेतते तेथे आपण कोणत्या अक्षरावर भिस्त ठेवतो, ते दिसते.

माझी खरी तळमळ मराठीविषयी आहे, आणि ताईंनी विचारलेल्या शेवटच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांचे देवनागरी अक्षर अकरावीतही चौथीच्या पातळीवर असते. ती शिरोरेघ देतच नाहीत किंवा पान पूर्ण झाल्यावर पट्टीने एकच सरळ रेघ ओढतात. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांतील फरक शिरोरेघेच्या तुटण्यावर आणि डावीकडच्या गाठीवर अवलंबून आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते, त्यामुळे 'धन'चे 'घन' होते आणि 'भरणे'चे 'मरणे' होते. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमाला आणि लिपीचे प्रमाणीकरण करताना 'ल' आणि 'श' यांची मराठी रूपे ठरवून दिली. ती मुलांच्या हातात उतरलेली मला क्वचितच दिसतात. इंग्रजीच्या दोन-दोन लिप्या शिकवण्यात पहिली-दुसरीचे शेकडो तास जातात आणि मातृभाषेची एक लिपी अर्धवट राहते, याचे मला मनापासून दुःख होते. कर्सिव्ह पूर्ण काढावे आणि ते तास देवनागरीला द्यावेत, असे माझे मत आहे.


निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ

सर, देवनागरीविषयी तुम्ही लिहिलेला शब्दन् शब्द मला मान्य आहे. परंतु घाईत मोडणारे कर्सिव्ह हे बहुधा न शिकवता केवळ गिरवून घेतलेले कर्सिव्ह असते. एम आणि एन यांच्या कमानी वर गोल आणि यू व डब्ल्यू यांच्या खाली गोल, हा भेद हातात बसलेला असेल तर घाईतही तो टिकतो. माझ्या वर्गातील जुनी मुले आता चाळिशीत आहेत आणि त्यांतील काहींची पत्रे मला आजही येतात. ती मी चष्मा न शोधता वाचू शकते. तिसरीत रोज पंधरा मिनिटे दिल्याने मराठीचा तास बुडत नाही. मराठीचा तास बुडतो तो शाळेला मराठी दुय्यम वाटते म्हणून, आणि कर्सिव्ह काढल्यानंतर ते तास संगणकाला जातील, देवनागरीला नाहीत, ही भीती मला वाटते.


सहकारनगरची आई

सर्वांचे मनापासून आभार. एवढे सविस्तर उत्तर मिळेल, असे वाटले नव्हते.

काल रात्री वडिलांचे एक जुने इंग्रजी पत्र मुलीसमोर ठेवले. सुरुवातीला तिला एकही ओळ लागेना, आणि जी लिपी ती रोज रडत लिहिते तीच ही, हे तिच्या लक्षातही आले नाही. मग मी एक-एक शब्द बोटाने दाखवू लागले, तशी ती स्वतःहून पुढे वाचू लागली आणि आजोबांचा आर आपल्या वहीतल्या आरसारखा नाही, हे तिनेच शोधून काढले. आजोबांनी पुष्कळ ठिकाणी हात उचललेला आहे, तेही तिने दाखवले. "मग आजोबांना चालते, तर मला का नाही?" या प्रश्नाला मी काही उत्तर देऊ शकले नाही.

पालकसभेसाठी मी लेखी मत तयार केले आहे. पहिली-दुसरीत सुटी अक्षरेच असावीत, कर्सिव्हचा सराव तिसरीपासून वर्गातच व्हावा आणि त्याला गुण नसावेत, तिसरीनंतर कोणत्या वळणात लिहायचे ते मुलाने ठरवावे, चौथीत हस्तलिखित वाचनाचे काही तास असावेत, आणि जो वेळ मोकळा होईल तो देवनागरीला मिळेल, हे शाळेने वेळापत्रकात लिहून द्यावे, असे त्यात मागितले आहे. शेवटची मागणी बाईंच्या आणि सरांच्या बोलण्यामुळे घातली. शाळा किती मान्य करील ते पाहू.

बाई, एक शेवटचे विचारते. हे वर्ष तर पूर्ण करायचेच आहे आणि घरचा अभ्यासही येतच राहणार. तोवर 'ब्रेड'मधल्या त्या जोडणीसाठी मी घरी काय करू?


निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ

वही आठ दिवस बाजूला ठेवा. मोठी पाटी किंवा फरशी घ्या आणि ओल्या खडूने हातभर उंचीचा बी आणि त्याला जोडलेला आर तुम्ही स्वतः काढा. बीच्या शेवटी मधल्या रेघेवर जी लहानशी झोळी येते, तेथे क्षणभर थांबायचे, पण खडू उचलायचा नाही, आणि तेथूनच आरच्या खांद्यावर जायचे. तिला आधी ते तुमच्या हातावर हात ठेवून करू द्या, मग डोळे मिटून एकटीला करू द्या. खांद्यातून ते जमले, की पाटीवर वीतभर आणि त्यानंतर कोऱ्या कागदावर बोटभर आकाराचे काढू द्या. चार रेघांत सगळ्यात शेवटी या. एका वेळी पाच जोड्यांपेक्षा जास्त नकोत आणि त्यांतील तिला सर्वांत चांगली वाटलेली जोडी तिनेच निवडावी. खोडरबर त्या आठ दिवसांत कपाटात राहू द्या.